चेनसॉचा ऑइलर: इंजिनवर चालणारा की क्लचवर चालणारा?

चेनसॉ घ्यायला निघालेला माणूस इंजिन किती सीसीचं ते विचारतो, बार, म्हणजे चेन जिच्या कडेवरून फिरते ती लांब पट्टी, किती इंची ते बघतो, हातात उचलून वजनाचा अंदाज घेतो. चेनला ऑइल कसं पोचतं हे सहसा कुणी विचारत नाही. माहितीपत्रकात 'ऑटोमॅटिक ऑइलर' असं दिसलं की तो विषय तिथंच मिटतो. पण या नावाखाली विकल्या जाणाऱ्या व्यवस्था एकसारख्या नसतात. ऑइलच्या पंपाला गती थेट इंजिनाकडून मिळते की क्लचकडून, यावर बाकीचं बरंचसं अवलंबून असतं. मिनिटाला किती मिलिलिटर, हा प्रश्न त्यानंतरचा.

मुळात हे ऑइल इंजिनासाठी नाही. टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून जातं, चेनच्या ऑइलची टाकी वेगळी. आणि इथलं ऑइल फिरून परत येत नाही. टाकीतून जेवढं निघालं तेवढं भुशात, लाकडावर आणि आपल्या कपड्यांवर गेलं. चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगाने बारच्या कडेवरून घासत जाते, त्यामुळे थोडा वेळ जरी कोरडी फिरली तरी बारची कड निळी पडते आणि चेन सैल होऊन लोंबायला लागते.

ऑइलचा रस्ता साधा आहे. टाकीच्या तळाशी नळीच्या टोकाला एक गाळणी पडलेली असते. तिथून ऑइल पंपात, पंपातून मशीनच्या अंगावरच्या बारीक तोंडापाशी आणि त्या तोंडासमोर येणाऱ्या बारच्या छिद्रातून खाचेत. पुढचं काम चेनचं. तिच्या खालच्या बाजूचे दाते, म्हणजे ड्राइव्ह लिंक, खाचेतून पळताना ऑइल सोबत ओढत नेतात. चेन बारच्या वरच्या कडेने टोकाकडे जाते आणि खालच्या कडेने परत येते. म्हणजे आधी वरची कड भिजते, मग टोक, आणि आपण बहुतेक वेळा ज्या खालच्या कडेने कापतो तिला उरलंसुरलं मिळतं. लांब बारला ऑइल जास्त का लागतं, ते यावरून कळावं.

पंप बोटाच्या पेराएवढा असतो, पण त्याची युक्ती बघण्यासारखी आहे. आत एक दट्ट्या. त्याच्या अंगावर दाते असतात आणि ते एका वर्म गिअरमध्ये, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरमध्ये, अडकलेले असतात, म्हणून दट्ट्या सावकाश स्वतःभोवती फिरतो. त्याची एक बाजू तिरकी कापलेली असते आणि ती एका पिनेला टेकते, त्यामुळे फिरता फिरता तो पुढेमागेही सरकतो. अंगावर एका बाजूला सपाट खाप दिलेली असते. मागे सरकताना ही खाप टाकीकडच्या छिद्रासमोर येते, पुढे सरकताना बारकडच्या. वेगळा व्हॉल्व्ह लागतच नाही. ज्या मशीनमध्ये ऑइल कमीजास्त करण्याचा स्क्रू असतो, तिथे तो स्क्रू फिरवल्यावर दट्ट्या किती मागेपुढे जाईल एवढंच बदलतं. वर्म गिअर जितका जोरात फिरेल तितकं ऑइल जास्त, हे इंजिनवरच्या आणि क्लचवरच्या, दोन्ही ऑइलरमध्ये सारखंच.

आता प्रश्न असा की हा वर्म गिअर कोण फिरवतं?

थेट क्रँकशाफ्टवर

या मांडणीत वर्म गिअर क्लचच्या मागे क्रँकशाफ्टवरच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, घट्ट बसवलेला असतो. इंजिन चालू म्हणजे पंप चालू. मशीन नुसतं आयडलवर, म्हणजे रेस न देता, धडधडत असलं आणि चेन जागची हलत नसली तरी ऑइल बाहेर येत राहतं. एक फांदी कापून दुसऱ्या फांदीपाशी जाईपर्यंत, ओंडका सरळ करेपर्यंत, मशीन खाली ठेवलेलं असतं आणि उचलल्यावर जागेवर काळा ओला डाग दिसतो. बऱ्याच जणांना वाटतं की टाकी गळतेय. टाकी गळत नसते, पंप आपलं काम करत असतो.

याची जमेची बाजू म्हणजे साधेपणा. पंप फिरवायला मध्ये क्लचचा ड्रम नाही, तार नाही, सुटण्यासारखं फारसं काही नाही. रेस देण्याआधीच बारमध्ये ऑइल आलेलं असतं. एकदा मशीन सुरू करून सलग कापणाऱ्याला आयडलवर वाया जाणाऱ्या ऑइलचा फरक जाणवतही नाही.

क्लच ड्रमवर

रेस दिली की क्लच ज्याला पकडतो आणि जो चेन फिरवतो, तो गोल डबा म्हणजे क्लच ड्रम. इथे वर्म गिअर शाफ्टवर मोकळा असतो. त्याला एक बारीक तारेचा हात असतो, तो क्लच ड्रमच्या कडेवरच्या खाचेत अडकतो. काही मशीनमध्ये तारेऐवजी ड्रमलाच कान काढलेले असतात. ड्रम फिरला, म्हणजे चेन फिरली, तरच पंप फिरतो. आयडलवर ऑइल बंद, चेन ब्रेक लावला की ऑइल बंद. ऑइलची बचत होते, मशीन स्वच्छ राहतं, गाडीत ठेवलं तर खाली थारोळं होत नाही.

दुखणी मात्र याला जास्त. वर्म गिअर बऱ्याचदा प्लॅस्टिकचा असतो आणि तो ड्रमच्या अगदी शेजारी बसतो. चेन ब्रेक लागलेला असताना कुणी रेस दिली तर क्लच ड्रमवर घासत राहतो, ड्रम तापतो आणि गिअर मऊ पडून वितळतो. तारेचा हात वाकतो किंवा झिजतो. आणि दुरुस्तीनंतर तो खाचेत बसलाच नाही, ही सगळ्यात नेहमीची चूक.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. स्प्रॉकेट, म्हणजे ड्रमवरचं चेन फिरवणारं दातेरी चाक, झिजलं म्हणून ड्रम काढला, नवा बसवला, क्लच उलट्या आट्यांवर घट्ट केला, चेन चढवली, सगळं झकास फिरलं. दुसऱ्या दिवशी दहाएक मिनिटं कापल्यावर जळका वास आला. बारला हात लावला तर चटका बसला. मी गाळणी धुतली, छिद्र साफ केलं, पंपावर संशय घेतला, शेवटी पुन्हा ड्रम काढला. तारेचा हात खाचेच्या बाहेर, ड्रमच्या कडेला टेकून बसला होता. ड्रम फिरत होता, गिअर जागच्या जागी. तेव्हापासून ड्रम बसवताना तो हाताने सावकाश फिरवून बघतो. तार खाचेत पडली की हलकासा 'टक्' लागतो आणि आतला गिअर ड्रमबरोबर फिरू लागतो. तो टक् आल्याशिवाय क्लच चढवायचा नाही.

दोन्ही शेजारी ठेवून माझं मत विचाराल तर बहुतेकांनी क्लचवर चालणाराच घ्यावा. झाडावर चढून काम करणारा, थांबत थांबत फांद्या उतरवणारा, मशीन जास्त वेळ आयडलवर ठेवणारा, अशांना तर दुसरा पर्याय बघायचं कारणच नाही. क्रँकवरचा ऑइलर असलेलं मशीन मी अशा माणसाला सुचवेन, जो वर्षातून मोजकेच दिवस कापतो, मशीन उघडून बघायला कचरतो आणि ज्याला डागांचं काही वाटत नाही.

माहितीपत्रकात हा फरक ठळक लिहिलेला क्वचितच सापडतो. मशीन समोर असेल तर इंजिन बंद करून बाजूचं झाकण काढा आणि ड्रमच्या कडेला तारेचा हात किंवा कान दिसतात का पाहा. चालवून बघायची सोय असेल तर आणखी सोपं: बारखाली पुठ्ठा ठेवून दोन-तीन मिनिटं आयडलवर सोडा, चेन थांबलेली हवी. पुठ्ठा भिजत गेला तर पंप क्रँकवरचा.

ठरावीक प्रवाह की स्क्रूने बदलता येणारा

बार सोळा इंचांपर्यंतचा असेल आणि पुढेही तोच राहणार असेल तर ठरावीक प्रवाहाचा ऑइलर पुरतो. कारखान्यात तो त्याच बारसाठी बसवलेला असतो. बार लांब असेल, किंवा एकाच मशीनवर कधी छोटा, कधी मोठा बार चढणार असेल, तर मात्र स्क्रू हवाच. स्क्रू सहसा मशीनच्या पोटाखाली असतो. कुठल्या दिशेने फिरवलं की वाढतं हे प्रत्येक मशीनचं वेगळं, तेव्हा अंदाजाने फिरवू नका, शेजारची खूण बघा.

इथे आकड्यांचा एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. टाकी २५० मिलिलिटरची आणि प्रवाह मिनिटाला १० मिलिलिटर असेल, तर पंचवीस मिनिटं सलग कापल्यावर ऑइल संपेल. पेट्रोल त्याआधी संपलं पाहिजे. चांगल्या जमलेल्या मशीनमध्ये पेट्रोल संपताना ऑइलची टाकीही तळाला आलेली असते, पण कोरडी झालेली नसते. पेट्रोल संपलं आणि ऑइल अर्ध्याहून जास्त शिल्लक, तर कुठेतरी अडलंय. ऑइल आधी संपतंय, तर स्क्रू कमी करा किंवा पेट्रोल भरायच्या आधीच ऑइल भरायची सवय लावा.

बॅटरीवरचं मशीन

वर सांगितलेला सगळा वाद इथे निकालात निघतो. ट्रिगर सोडला की मोटर थांबते, मोटर थांबली की पंप थांबतो, आयडल नावाचा प्रकारच नाही. यांची तक्रार वेगळी. कपाटात नुसतं ठेवलेलं मशीनसुद्धा ऑइल सोडतं. ऊन लागून टाकीतली हवा फुगली की ती ऑइलला बारच्या तोंडातून बाहेर ढकलते. काही दिवस वापर नसेल तर टाकी रिकामी करून ठेवलेली बरी.

अंगठ्याने दाबायचा हाताचा पंप, किंवा क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या, दाबावर चालणारा ऑइलर, हे जुन्या मशीनवर अजून भेटतात. हौस असेल तर घ्या. रोजच्या कामाला नको, कारण कापण्याच्या भरात अंगठा दाबायचं राहून जातं आणि दाबावरच्या ऑइलरची जुनी रबरं कधी दगा देतील ते सांगता येत नाही.

ऑइलबद्दल थोडक्यात. चेनसाठी मिळणाऱ्या ऑइलमध्ये चिकटपणा आणणारी द्रव्यं घातलेली असतात, त्यामुळे टोकाच्या वळणावर ते लगेच उडून जात नाही. गाडीचं काढून टाकलेलं काळं ऑइल वापरू नका. त्यात धातूचा चुरा असतो, तो पंप खातो, आणि ते कातडीला घातक आहे ते वेगळंच. वनस्पतीजन्य ऑइल मातीला बरं, पण मशीन महिनोन्महिने पडून राहणार असेल तर ते आत घट्ट होऊन पंप चिकटवून ठेवतं. कडक थंडीत जाड ऑइल ओढताना पंपाची दमछाक होते, तेव्हा पातळ घ्यावं.

मशीन नवं घ्या नाहीतर जुनं, व्यवहार करण्याआधी एक चाचणी करून घ्या. बारचं टोक फिकट रंगाच्या पुठ्ठ्यापासून वीसेक सेंटिमीटरवर धरा, टेकवू नका, आणि पाऊण रेस द्या. मिनिटभरात पुठ्ठ्यावर ऑइलची स्पष्ट रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर लगेच पंपाला दोष देऊ नका. बार काढून छिद्र आणि खाच साफ करा, भुसा आणि ऑइलची मळी तिथेच बसते. टोकाचं चाक हाताने मोकळं फिरतं का पाहा. टाकीतली गाळणी पाहा. टाकीत हवा शिरायचं बारीक भोक बुजलेलं असलं तरी ऑइल थांबतं: झाकण थोडं सैल करून मशीन आडवं ठेवा आणि चालवून बघा, ऑइल यायला लागलं तर दोष त्या भोकाचा. एवढं करूनही पुठ्ठा कोरडा राहिला, तर ड्रम उघडून ती तार पाहा, आणि ती जागेवर असेल तरच नव्या पंपाची चौकशी करा.