एनपी बोर्ड पुन्हा देणाऱ्यांसाठी क्वेश्चन बँक: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नर्स प्रॅक्टिशनरच्या (एनपीच्या) बोर्ड परीक्षेसाठी विकल्या जाणाऱ्या तयारीच्या साधनांची जी परीक्षणे वाचायला मिळतात, ती जवळजवळ सगळी उत्तीर्ण झालेल्यांनी लिहिलेली असतात, आणि उत्तीर्ण झालेल्या माणसाला आपण वापरलेले प्रत्येक साधन गुणकारी वाटणे स्वाभाविकच आहे. मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरची, म्हणजे एफएनपीची, परीक्षा एकाहून अधिक वेळा दिली असून अद्याप उत्तीर्ण झालेली नाही. त्यामुळे अनुत्तीर्ण झाल्यानंतर तेच साधन पुन्हा उघडून बसणाऱ्याच्या हाती त्यातून काय लागते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

मी घेतलेल्या सदस्यत्वात स्पष्टीकरणांसह मोठी क्वेश्चन बँक, ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने आणि परीक्षेच्या आधी द्यायची प्रेडिक्टर टेस्ट एवढे मिळते. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या बाजारातल्या सेवांची घडण बरीचशी सारखी आहे आणि माझी तक्रारही त्या घडणीबद्दलच आहे. मी मूळची सांगली जिल्ह्यातली. बीएस्सी नर्सिंग करून, एनसीएलईएक्स, म्हणजे अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठीची परीक्षा, उत्तीर्ण होऊन न्यू जर्सीत आले आणि येथे टेलिमेट्री वॉर्डात, म्हणजे रुग्णांच्या हृदयाचे ठोके यंत्रावर सतत पाहिले जातात त्या वॉर्डात, रात्रपाळी करत मास्टर्स पूर्ण केले. सदस्यत्वाचा वापर मुख्यतः रात्रपाळीवरून आल्यानंतरच्या सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी झाला.

भारतातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. नर्स प्रॅक्टिशनर रुग्ण तपासते, निदान करते आणि औषधे लिहून देते. या भूमिकेचे शिक्षण १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केले. एफएनपीसाठी एएएनपीसीबी आणि एएनसीसी अशा दोन संस्थांच्या परीक्षा आहेत आणि त्यांपैकी कोणतीही एक उत्तीर्ण झाली तरी चालते. एएएनपीसीबीच्या परीक्षेत १५० प्रश्न आणि ३ तास असतात. त्यांतले १५ प्रश्न केवळ चाचणीसाठी असून ते गुणांत धरले जात नाहीत, मात्र ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. हिशेब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. निकाल २०० ते ८०० या मोजपट्टीवर लागतो आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५०० लागतात. हे ५०० म्हणजे टक्केवारी नव्हे, त्यामुळे क्वेश्चन बँकेतल्या टक्क्यांवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही.

पहिल्या प्रयत्नापूर्वी ही क्वेश्चन बँक खरोखर चांगली वाटली होती आणि ते मत आजही बदललेले नाही. प्रश्न नीट बेतलेले आहेत. बरोबर उत्तरासोबत बाकीचे तीन पर्याय का चुकीचे आहेत हेही सांगितलेले असते, आणि हृदयाच्या मर्मरवरचा, म्हणजे ठोक्यांमध्ये ऐकू येणाऱ्या जादा आवाजांवरचा, भाग तर उत्तम आहे: ॲऑर्टिक स्टेनोसिसचा (ॲऑर्टिक झडप अरुंद झाल्याचा) आवाज मानेकडे जातो, मायट्रल रिगर्जिटेशनचा (मायट्रल झडप गळत असल्याचा) काखेकडे, हे ध्वनिफितीसह ऐकवले आहे. पहिल्यांदाच परीक्षेला बसणाऱ्या व्यक्तीला ही सेवा घ्यायला मी आजही सांगेन.

अडचण दुसऱ्या फेरीत येते. अनुत्तीर्ण झाल्यावर प्रगतीची नोंद पुसून सगळे प्रश्न नव्याने सुरू करण्याची सोय आहे. तसे केले की टक्केवारी एकदम वर जाते, बरोबर उत्तरांचा हिरवा रंग पसरतो आणि प्रेडिक्टर टेस्ट 'उत्तीर्ण होण्याची शक्यता भरपूर' असा निर्वाळा देते. प्रत्यक्षात मोजली जाते ती त्या प्रश्नाची ओळख. लग्नाच्या अल्बममधले चेहरे ओळखता येतात म्हणून प्रत्येकाचे नाते सांगता येतेच असे नाही, तसाच हा प्रकार आहे.

एक उदाहरण सविस्तर देते. क्वेश्चन बँकेत एक प्रश्न आहे: टाइप २ मधुमेहाचे नवे निदान झालेला रुग्ण, ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणारा आकडा) ३८, आता पुढे काय? बरोबर उत्तर 'मेटफॉर्मिन सुरू करू नये' असे आहे, कारण अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, एफडीएच्या, २०१६ च्या सूचनेनुसार ईजीएफआर ३० ते ४५ च्या दरम्यान असताना हे औषध नव्याने सुरू करण्याची शिफारस नाही. दुसऱ्या फेरीत '३८' हा आकडा दिसताच बोट आपोआप त्या पर्यायावर जाते. पण तोच रुग्ण अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेत असेल आणि त्याचा ईजीएफआर हळूहळू ३८ वर आला असेल, तर लगेच औषध बंद करणे हे उत्तर होत नाही. तेथे फायदा आणि धोका तोलून पाहायचा असतो आणि डोस कमी करण्याचा विचार करायचा असतो. ३० च्या खाली मात्र ते वर्ज्यच आहे. हे तिन्ही प्रसंग वेगळे आहेत आणि परीक्षेत यांतला कोणताही येऊ शकतो, परंतु क्वेश्चन बँकेत मात्र पहिला एकच आहे आणि तो कितीही वेळा सोडवला तरी उरलेल्या दोहोंची तयारी होत नाही.

दुसरी उणीव जुन्या मार्गदर्शक तत्त्वांची आहे. यूएसपीएसटीएफने, म्हणजे प्रतिबंधक तपासण्यांबाबत शिफारसी करणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञगटाने, २०२१ मध्ये आतड्याच्या कर्करोगाची तपासणी ४५ व्या वर्षापासून सुरू करण्याची शिफारस केली, त्याच वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी वय ५० आणि धूम्रपान २० पॅक-वर्षे (रोज एक पाकीट याप्रमाणे २० वर्षे) अशी मर्यादा खाली आणली, आणि २०२४ मध्ये मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) ४० व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी करण्यास सांगितले. मी वापरत असताना मुख्य प्रश्न दुरुस्त केलेले होते, पण काही स्पष्टीकरणांच्या तळाशी जुने आकडे तसेच राहिले होते. पहिल्यांदा अभ्यास करणाऱ्याच्या ते कदाचित लक्षातही येणार नाही. ज्याच्या डोक्यात जुने आणि नवे आकडे आधीच एकमेकांत मिसळलेले आहेत, त्याचा गोंधळ मात्र यामुळे वाढतो. मी ग्राहक सेवेला कळवले. त्यांनी आभार मानले आणि आकडे बरेच दिवस तसेच राहिले.

व्याख्यानांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती स्वच्छ आहेत आणि दीडपट वेगाने ऐकता येतात, पण रात्रपाळीनंतर त्यांवर झोप लागते.

नर्स म्हणून वर्षानुवर्षे खाटेशेजारी काम केलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि ती या सेवेत कोठेही शिकवली जात नाही. वॉर्डात रुग्ण बिघडला की आमची पहिली हालचाल डॉक्टरांना कळवण्याची असते, आणि एनसीएलईएक्सची तयारी हीच सवय पक्की करते. एनपी परीक्षेत मात्र कळवायचे ज्याला, ती व्यक्ती आपणच असतो. सत्तरीतल्या बाईला कपाळाच्या बाजूला नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे आणि वाढलेला ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) असेल, तर दृष्टी जाण्याचा धोका लक्षात घेऊन स्टेरॉइड ताबडतोब सुरू करायचे असते, बायोप्सीच्या अहवालाची वाट पाहायची नसते. मला जायंट सेल आर्टरायटिस (डोक्याकडच्या रोहिण्यांचा दाह) हे निदान माहीत होते, तरीही पुढच्या पावलापाशी हात थबकत असे. जिची ज्ञानात नव्हे तर भूमिकेत अडचण आहे, तिला आणखी प्रश्न विकून उपयोग होत नाही.

आता कंपनीच्या वागणुकीबद्दल. सदस्यत्वासोबत 'उत्तीर्ण होण्याची हमी' होती. बारीक अक्षरांतल्या अटी वाचल्यावर असे दिसले की सर्व प्रश्न आणि सर्व व्याख्याने पूर्ण केल्याचा पुरावा आणि अनुत्तीर्ण झाल्याचे पत्र दिल्यास सदस्यत्वाची मुदत वाढवून मिळते. पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे ज्या साधनाने काम झाले नाही, त्याच साधनाचे आणखी काही महिने. निकाल लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी 'भावी एनपी, आजचे दहा प्रश्न तुमची वाट पाहत आहेत' असा संदेश फोनवर आला. यंत्राने पाठवलेला संदेश आहे हे कळत असूनही तो वाचणे जड गेले. सूचना बंद करण्याचा पर्याय आहे, पण तो सेटिंग्जमध्ये बराच आत दडवलेला आहे; अनुत्तीर्ण झालेल्यांनी इतर काहीही करण्याआधी तो शोधावा.

अपयशाचा मानसिक भार हा या परीक्षणाचा विषय आहे की नाही, असा प्रश्न पडू शकतो. माझ्या मते आहे, कारण त्या भाराखाली साधनाचा वापर बदलतो. केंद्रावरच प्राथमिक निकाल हाती पडतो, त्यामुळे सावरायला मधला वेळ मिळत नाही. एका क्लिनिकने बोर्ड उत्तीर्ण होण्याच्या अटीवर देऊ केलेली नोकरी नंतर दुसऱ्याला दिली. वॉर्डात सगळ्यांना परीक्षेची तारीख ठाऊक होती, तेव्हा पुढची पाळी अवघड गेली; त्यानंतरच्या वेळी ती केवळ घरात सांगितली. सांगलीला सासूबाईंना मी फोनवर म्हटले, "आई, या वेळीही नाही झाले." त्या म्हणाल्या, "असू दे. मी शेजारी सांगून ठेवलंय, परीक्षा पुढे ढकलली म्हणून." अमेरिकेतली बोर्ड परीक्षा गल्लीत अशी वारंवार पुढे ढकलली जात आहे आणि कोणी शंका घेतलेली नाही. अशा दिवसांत क्वेश्चन बँक मन रिझवण्याचे साधन बनते: माहीत असलेले प्रश्न सोडवायचे, ऐंशी टक्के पाहायचे आणि बरे वाटून झोपायचे. सेवेची सगळी रचना, ते बिल्ले आणि सलग दिवसांची गणती, या सवयीला खतपाणी घालते.

पुन्हा परीक्षा देणाऱ्यांना नियमांनीच काही कामे लावून दिलेली असतात. एएएनपीसीबीत एका कॅलेंडर वर्षात दोनच प्रयत्न करता येतात आणि अनुत्तीर्ण झाल्यावर पुन्हा अर्ज करण्यापूर्वी निकालपत्रातल्या कमकुवत क्षेत्रांत १५ तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण करावे लागते. सुरुवातीला ही अट शिक्षेसारखी वाटली होती. परंतु या संपूर्ण काळात मला सर्वांत उपयोगी पडले ते हेच तास, कारण त्यांत पर्याय नव्हते. मूत्रपिंडाच्या आजारात औषधे कशी बदलतात हे तेथे प्रश्नाच्या चौकटीबाहेर, सलग वाचावे लागले, आणि मेटफॉर्मिनचे ते तिन्ही प्रसंग तेव्हा कोठे एका ठिकाणी जुळले.

दुसरा उपाय आम्ही तिघींनी मिळून काढला. एक मैत्रीण केरळची, एक फिलिपिन्सची आणि तिघीही पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या. रविवारी व्हिडिओ कॉलवर एकीने क्वेश्चन बँकेतला प्रश्न वाचायचा, दुसरीने उत्तर द्यायचे आणि तिसरीने त्यातली एकच बाब बदलून पुन्हा विचारायचे. न्यू जर्सीत गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराचे रुग्ण नेहमी दिसतात, म्हणून सुरुवात तेथूनच झाली. अंगावर वाढत जाणारे लाल कडे आहे, कोणते प्रतिजैविक? डॉक्सिसायक्लिन. रुग्ण गर्भवती असेल तर? अमॉक्सिसिलिन. तिला पेनिसिलिनने पूर्वी सौम्य पुरळ आले असेल तर? येथे केरळच्या मैत्रिणीने सेफुरॉक्सिम म्हणेपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. तासाभरात थोडेच प्रश्न होतात, पण ओळखीवर उत्तर देण्याची वाटच बंद होते. क्वेश्चन बँकेचा खरा उपयोग मला दुसऱ्या फेरीत याच प्रकारे झाला, कच्चा माल म्हणून. आणि त्यासाठी पूर्ण सदस्यत्वाची गरज नाही, तिघींत एकीकडे असले तरी पुरते.

गुण द्यायचे झाल्यास प्रथमच परीक्षा देणाऱ्यांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार देईन आणि पुन्हा देणाऱ्यांसाठी दोन. प्रेडिक्टर टेस्ट दुसऱ्यांदा देऊ नये. तिच्यातले बरेच प्रश्न तेच असतात आणि तिचा आकडा निर्णयासाठी निरुपयोगी ठरतो. सदस्यत्व वाढवायचे असेलच, तर आधी निकालपत्रातले कमकुवत क्षेत्र आणि क्वेश्चन बँकेतली त्याच क्षेत्राची टक्केवारी शेजारी ठेवून पाहावी. माझ्या बाबतीत ज्या क्षेत्रात परीक्षेत सर्वांत कमी पडले, तेथेच बँकेत सर्वांत जास्त हिरवे दिसत होते.

माझे या वर्षातले एएएनपीसीबीचे प्रयत्न संपले आहेत, म्हणून मी एएनसीसीसाठी अर्ज केला आहे. तेथे अनुत्तीर्ण झाल्यास ६० दिवस थांबावे लागते आणि बारा महिन्यांत तीन प्रयत्नांची मर्यादा आहे. त्या परीक्षेत संशोधन, आरोग्यधोरण आणि व्यावसायिक भूमिकेवरचेही प्रश्न येतात, आणि या सेवेत तो भाग फारच तोकडा आहे. सदस्यत्वाची मुदत या महिन्याअखेर संपते. कंपनीने सवलतीचे पत्र पाठवले आहे; मी सदस्यत्व वाढवणार नाही, ते पैसे परीक्षाशुल्कात गेले आहेत.