वेनर की श्लंबर्जर : खोलीचा वेध घेताना

विद्युत प्रतिरोधकता सर्वेक्षणातून एकाच जागेखालचे थर आणि त्यांतले भूजल उलगडायचे असेल, तर खुंट्यांच्या वेनर आणि श्लंबर्जर या दोन मांडण्यांपैकी बहुधा एक निवडावी लागते. दोन्हींत चार धातूच्या खुंट्या एका रेषेत रोवतात : बाहेरच्या दोन जमिनीत वीज सोडतात, मधल्या दोन विभवांतर मोजतात, आणि खुंट्यांमधले अंतर वाढवत नेले की अधिक खोलीचा वेध मिळतो. मी दोन्ही वापरल्या असून आता बहुतेक वेळा श्लंबर्जर लावतो; तरीही वेनरची बाजू दुबळी आहे, असे म्हणणे योग्य होणार नाही.

वेनरमध्ये मधल्या दोन खुंट्यांमधले अंतर बाहेरच्या दोन खुंट्यांमधल्या अंतराच्या एक तृतीयांश राहत असल्याने विभवांतर भरघोस मिळते, आणि ओल्या चिकणमातीत किंवा खारे पाणी असलेल्या जमिनीत तो मोठाच आधार ठरतो. श्लंबर्जरमध्ये बाहेरचे अंतर मधल्याच्या निदान पाचपट ठेवायचे असल्याने केबल लांब गेली की मिलिव्होल्टचा आकडा डळमळू लागतो.

माझा कल ठरला तो मात्र दुसऱ्याच अडचणीमुळे. वेनरमध्ये प्रत्येक रीडिंगला चारही खुंट्या हलतात, म्हणजे विभव मोजणाऱ्या खुंट्याही दर वेळी नव्या मातीत जातात. 20 मीटर अंतराला प्रतिरोधकतेचा आलेख एकदम खाली आला, तर ते पाणी धरलेल्या मुरमामुळे की एका खुंटीखालच्या ओल्या मातीमुळे, हे त्या बिंदूवरून कळत नाही. लॉग-लॉग (दोन्ही अक्षांवर लॉगरिदमी मोजपट्टी असलेल्या) कागदावर पुढची चढण 45 अंशांहून तीव्र निघाली, तर ती आडव्या थरांची नव्हे एवढे तरी सिद्ध होते. पण सौम्य बिघाड असा उघडा पडत नाही, आणि विंधन विहिरीची जागा तर आलेखाच्या त्याच उतारावर विसंबून ठरवायची असते. हे मला फार खुपत असे.

श्लंबर्जरमध्ये मधल्या खुंट्या बराच वेळ जागच्या हलत नाहीत. त्या रुंदावण्याची वेळ आली की बाहेरच्या खुंट्या तिथेच ठेवून जुन्या आणि नव्या अशा दोन्ही अंतरांना रीडिंग घ्यावे. आलेखाच्या दोन तुकड्यांत समांतर फट पडली, तर दोष बहुधा मधल्या खुंट्यांलगतच्या मातीचा असतो, आणि एक तुकडा वर किंवा खाली सरकवून तो बराचसा काढता येतो. बाहेरच्या खुंटीखाली विसंगत माती आली तरीही आलेख बिघडतो, पण माझ्या अनुभवात तो बिघाड सहसा एखाद्या बिंदूपुरता राहतो. शिवाय एरवी दोनच खुंट्या उपटायच्या असल्याने श्रमही वाचतात.

पातळ थर आलेखात लपणे दोन्हींकडे सारखेच आहे. मात्र एकाच खोलीवर आडवे सरकत भेगाळलेला पट्टा शोधायचा असेल, तर वेनर घ्यावी. पुढे सरकण्याचे अंतर खुंट्यांमधल्या अंतराइतकेच ठेवले, तर तिथे मागची एकच खुंटी उपटून पुढे रोवावी लागते.