चिया सीड्स: मेसच्या स्वयंपाकघरातून

चिया सीड्स घ्यावेत का, असं मेसमधली लेकरं विचारतात तेव्हा मी आधी उलट विचारते, "दिवसभरात पाणी किती पितोस?" उत्तर बहुतेक वेळा एका बाटलीच्या पुढे जात नाही.

माझी मेस लातूरला, शिकवण्यांच्या भागात आहे. मुखेड, गंगाखेड, अहमदपूर, कळंब अशा गावांहून वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीला आलेली पोरं-पोरी माझ्याकडे जेवतात. सकाळी वर्ग, दुपारी टेस्ट, रात्री अभ्यासिका. बसून बसून अंग आखडतं, आणि मधेच उठावं लागू नये म्हणून पाणीही मोजकंच पितात. पोट साफ होत नाही ही तक्रार मला रोज कुणाकडून तरी ऐकू येते. मोबाईलवर त्यांना त्यावर सापडलेला उपाय म्हणजे चिया. गेल्या उन्हाळ्यापासून मी तो मेसमध्ये वापरते आणि स्वतःही खाते.

माझं मत असं: चिया चांगली वस्तू आहे, पैसे वाया जात नाहीत. पण ज्याच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी नेमाने असते, त्याचं चियावाचून काही अडत नाही. ज्याच्या ताटात ती नसते, त्याला चियाचा खरा उपयोग होतो.

हे बी मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं, तुळस-पुदिन्याच्या कुळातलं. आता ते आपल्याकडेही पिकतं. मध्य प्रदेशात नीमचकडे पिकतं, आणि आपल्या हिंगोलीला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यातही शेतकरी रब्बीत चिया घ्यायला लागलेत. त्यामुळे परदेशी म्हणून त्याच्याकडे पाहायचं कारण उरलेलं नाही.

चियाला स्वतःची चव जवळजवळ नाहीच. पाण्यात टाकला की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत वेष्टण तयार होतं, आणि तो आपल्या वजनाच्या दहापट पाणी सहज धरून ठेवतो. हाच त्याचा मोठा गुण. टाकल्यावर पाच मिनिटांनी एकदा हलवावं लागतं, नाहीतर तळाशी गोळा बसतो. अर्ध्या तासात तो खाण्याजोगा होतो. मी रात्रीच भिजवून ठेवते. दह्यात घातला तर सुटलेलं पाणी शोषून दही घट्ट होतं, आणि लेकरांना ते फार आवडलं. ताकात जिरेपूड, कोथिंबीर आणि भिजवलेला चिया, हे आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त खपलं. धपाट्याच्या पिठातही घालून पाहिला: पीठ छान बांधलं जातं आणि धपाटे थापताना कडा फाटत नाहीत. वरणात मात्र घालू नये. वरण तारेसारखं ओढलं जातं आणि ताटात कुणी त्याला हात लावत नाही.

आता आकड्यांकडे येते, कारण जाहिराती याच ठिकाणी लेकरांना चुकीच्या वाटेला लावतात. शंभर ग्रॅम चियात साधारण ३४ ग्रॅम तंतू (फायबर), १६ ग्रॅम प्रथिनं, ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १८ ग्रॅमच्या आसपास वनस्पतीतलं ओमेगा-३, म्हणजे शरीराला लागणारी चांगली चरबी, असतं. आकडे खरे आहेत. पण शंभर ग्रॅम खातं कोण? एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२ ग्रॅम. त्यात ४ ग्रॅम तंतू, २ ग्रॅम प्रथिनं आणि ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम येतं. जाहिरातीतलं 'दुधाच्या पाचपट कॅल्शियम' हे वजनाला वजन लावून म्हटलेलं आहे. एक पेला दूध प्यायलात तर चमचाभर चियाच्या तिप्पट कॅल्शियम मिळतं. म्हणून चिया सुरू केला म्हणून दूध बंद करणाऱ्या पोरींना मी थांबवते. ओमेगा-३चंही तसंच. चियातलं आणि माशातलं ओमेगा-३ वेगवेगळं, आणि चियातल्याचा थोडाच भाग शरीर माशातल्यासारख्या रूपात बदलू शकतं. वजन उतरतं म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. चमचाभर चियातही साठेक कॅलरी असतात. पोट भरल्यासारखं वाटतं आणि मधल्या वेळचा वडापाव टळतो, इतका फायदा मी मानते.

तंतूंसाठीच घ्यायचा असेल तर आपली भाकरी आठवा. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात १० ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. मध्यम आकाराच्या दोन भाकरी खाल्ल्या की चियाच्या तीन चमच्यांइतके तंतू पोटात गेले. माझ्याकडे जी लेकरं भाकरी बाजूला सारून नुसता भात खातात, तक्रारही त्यांचीच जास्त असते.

आणि जवस. याबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण आपल्या घरातली ही वस्तू पोरांच्या ताटातून हळूहळू जातेय. चिया आणि जवस समोरासमोर ठेवले तर तंतू आणि कॅल्शियममध्ये चिया पुढे आहे, पण ओमेगा-३ जवसात जास्त आहे, शंभर ग्रॅमला २२ ग्रॅमच्या वर. प्रथिनंही जवसात थोडी जास्तच. लातूरच्या गंजगोलाई बाजारात मी घेते त्या भावाने एक किलो चियाच्या पैशात तीन-चार किलो जवस येतो. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून जाडसर कुटायचा, आणि वाढताना वरून करडईचं तेल. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ही चटणी खाताना ओमेगा-३ हा शब्दही कुणाच्या डोक्यात येत नाही.

जवसाची अडचण इतकीच की तो कुटावाच लागतो. अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो, आणि कुटून ठेवला तर थोड्याच दिवसांत खवट होतो. चियाला कुटणं नाही, भाजणं नाही, कोरड्या बरणीत महिनोन्‌महिने टिकतो. ज्या लेकराच्या खोलीवर गॅस नाही, मिक्सर नाही, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. त्यांना मी स्वतःहून सांगते, घ्या.

पण कोरडा खाऊ नका. हे मी प्रत्येकाला बजावते. चमचाभर कोरडा चिया तोंडात टाकून वर घोटभर पाणी घेतलं तर तो अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. अमेरिकेत २०१४ साली अशा एका रुग्णाची नोंद डॉक्टरांनी मांडली होती. आणि पाणी कमी पिणाऱ्याने चिया वाढवला तर बद्धकोष्ठ सुटायच्या ऐवजी वाढतं, म्हणून पाण्याचा तो पहिला प्रश्न. सुरुवात छोट्या चमच्याने करावी, एकदम जास्त घेतलं तर पोट गच्च होतं. रक्त पातळ करणाऱ्या, शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचं करू नये. घरी आई-वडिलांसाठी नेणाऱ्या लेकरांना हे आवर्जून सांगते.

खरेदीत एक काळजी घ्या. सुटा माल घेताना एका दुकानाने मला चिया म्हणून सब्जा दिला होता. सब्जाही पोटाला चांगला, पण तो स्वस्त असतो आणि पैसे चियाचे गेले. ओळखायला सोपं आहे: सब्जा एकसारखा काळा असतो, चियाचे दाणे करडे, तपकिरी, काळे, काही पांढुरके, अंगावर नक्षी असलेले. सब्जा मिनिटाभरात फुगतो, चियाला वेळ लागतो. पाकीट घेत असाल तर अन्नसुरक्षा खात्याचा (FSSAI) चौदा आकडी परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख बघा. उघडल्यावर तेलकट, खवट वास आला तर परत करा. रोज एक मोठा चमचा धरला तर पाव किलो एका माणसाला तीन आठवडे पुरतो, तेव्हा पहिल्यांदा त्याहून मोठं पाकीट घेऊ नका.