अँड्रॉइड ‘ओपन’ म्हणे! सात महिने वापरल्यावर

फोन ठणठणीत होता, पण कंपनीने तीन वर्षांतच अपडेट बंद केले. टाकवेना, म्हणून त्यावर लिनिएजओएस ही अँड्रॉइडच्याच सोर्सवर बनवलेली मोफत प्रणाली चढवली, तीही गूगलच्या ॲपशिवाय. अँड्रॉइड ओपन सोर्स आहे ना, म्हणजे त्याचा मूळ कोड (सोर्स) सगळ्यांना खुला, बघू की म्हटलं.

पहिली ठेच बूटलोडरला, म्हणजे फोन चालू होताना कुठली प्रणाली चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला; कंपनी त्याला कुलूप लावून ठेवते. कंपनीकडे विनंती टाकून सात दिवस वाट बघितली. कुलूप उघडलं तसं आतलं सगळं पुसलं गेलं, आणि आता फोन सुरू करताना दर वेळी धोक्याची पाटी दिसते. सोर्स अपाचे नावाच्या मुक्त परवान्याखाली कुणीही घ्यावा. स्वतःचा फोन उघडायला मात्र अर्ज!

त्यानंतर रोजचं काम झकास. बाकीची ॲप एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या दुकानातून घेतली. कळफलक हेलिबोर्ड नावाच्या ॲपचा, मराठी-कन्नड दोन्ही, कारण आमच्या बेळगावात घरी मराठी आणि माल मागवताना कन्नड. बोट सरकवून टायपिंग हवं असेल तर मात्र त्यातही बाहेरून बंद लायब्ररी, म्हणजे सोर्स खुला नसलेला तयार कोड, घालावी लागते. मी घातली नाही.

खरी गोची बँकेच्या ॲपची. उघडलं की ‘डिव्हाइस सुरक्षित नाही’. आधीची प्रणाली होती तेव्हा वर्षभर एकही सुरक्षा पॅच (सुरक्षेची दुरुस्ती) नव्हता, तरी हेच ॲप मुकाट चालायचं! आता पॅच वेळच्या वेळी येतात, तर नको. गणपत गल्लीत भाजी घेतली की मी पिशवी धरतो, क्यूआर बायको स्कॅन करते. भाजीवाल्या मावशींना आता सवय झालीय.

फोन ‘अस्सल’ आहे का, हे ॲपला सांगतात गूगलच्या प्ले सर्व्हिसेस, म्हणजे फोनमध्ये मागे चालणारं गूगलचं सॉफ्टवेअर, आणि त्यांचा सोर्स बंद आहे. नोटिफिकेशनचंही बरंचसं त्यांच्यावरच चालतं. म्हणजे उघडा आहे तो पाया. लोक ज्याला अँड्रॉइड म्हणतात त्यातलं बरंच काही त्याच्या बाहेर. फोन कंपन्यांवर गूगल आपली ॲप लादतं म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला, तो याच दुखण्यावर. शिवाय मार्च २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की यापुढे अँड्रॉइडचं सगळं काम कंपनीच्या आतल्या, बाहेरच्यांना न दिसणाऱ्या शाखेतच चालणार. आवृत्ती तयार झाली की सोर्स बाहेर येईल. वाचायला मिळेल, पण शिजताना बघता येणार नाही.

एक सुख मात्र आहे. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप घेतला, लोकांनीच भरलेला खुला नकाशा. खानापूरकडच्या आमच्या गावातल्या दोन वाटा त्यात नव्हत्या, त्या मीच भरल्या. गावाच्या मराठी आणि कन्नड नावांना तिथं वेगवेगळे रकाने आहेत. पाटीवरून भांडण नाही!

फोन ठेवणार आहे. बँकेसाठी बायकोचा जुना फोन कपाटात चार्जिंगला लावलाय. तुमचा गल्ला क्यूआरवर चालत असेल तर या फंदात पडू नका.