३०० जीएसएमचा सुती कागद: रोहितच्या गुलाबीसाठी

दादरहून १०० टक्के सुती जलरंग कागद आणला, ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) रंगवायचे होते. साध्या कागदावर दुसरा हात दिला की लव निघायची. इथे आधी पाणी फिरवलं, मग पंखावर पातळ गुलाबी सोडला. तो कडेपर्यंत अलगद पसरत गेला, कुठे डाग नाही. तीन थर दिले, खालचा हलला नाही. पांढऱ्यासाठी मी कागदच कोरा ठेवते, तोही छान दुधाळ दिसतो.

काल पितळी तांब्या आणि दोन सीताफळं मांडली. कागदाला दाणा आहे, त्यामुळे सीताफळाच्या डोळ्यांमधली सावली कोरड्या ब्रशने सुरेख उठली. पावसाळ्यात मात्र गठ्ठा प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. आपल्या दमट हवेत कागद खराब होतो. महाग आहे, तरी पुढचा गठ्ठा सांगून ठेवलाय.