माळा रिकामा झाला, झाकण तेवढं राहिलं

मुरारजी पेठेतलं सासरचं घर, तीन पिढ्यांचं. माळ्यावर काय काय साठलंय ते लग्नाला बत्तीस वर्षं होऊन मलाही माहीत नव्हतं. दीर पुण्याला, नणंद हैदराबादला. "वहिनी, तुम्हीच बघा" म्हणून दोघंही मोकळे. शेवटी भाचीने एका संस्थेचा नंबर दिला. घरी येऊन वापरण्याजोगं सामान नेतात, गरजूंना देतात. आपण टेम्पोच्या डिझेलचे ३०० रुपये द्यायचे, बस.

सकाळी दहाला येतो म्हणाले, उगवले पावणेएकला. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, आणि मी गाठोडी अंगणात काढून बसलेली. एक फोन करायला काय होतं? एक स्टार इथेच कापला.

काम बघून मात्र राग उतरला. दोन मुलं, आपसात तेलुगूत बोलणारी, आणि त्यांच्याबरोबर चाळिशीच्या एक ताई. मला वाटलं होतं, गाठोडी उचलतील नि जातील. छे! ताईंनी सतरंजी पसरली आणि एकेक कपडा उलगडायला घेतला. खिसे चाचपायचे, चेन वर-खाली करायची, काखेतली शिवण ताणून बघायची. मामंजींच्या कोटातून हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट निघालं, ते त्यांनी न बोलता माझ्या हातात दिलं. कोट दिला, तिकीट ठेवलं.

खरी गंमत चादरींची. आमच्याकडे लग्न म्हटलं की आहेरात चादर आलीच. एकोणीस निघाल्या, त्यातल्या सात पिशवीतून कधी बाहेरच आल्या नव्हत्या. ताई आधी यंत्रमागावर कामाला होत्या म्हणे. एका चादरीच्या काठावरून अंगठा फिरवला, उलटी करून नक्षी बघितली आणि म्हणाल्या, "काकू, ही आपल्या इथली नाही. पानिपतची आहे." सोलापूरच्या घरात पानिपतची चादर! आहेर कोणाचा ते मला लगेच आठवलं, पण इथे नाव लिहीत नाही. एक चादर कसरीने खाल्लेली होती. मी म्हटलं, असू द्या, कुणाला तरी होईल. तर ती घडी घालून मलाच परत. "ज्याला देणार त्याला पण भोक दिसतं की काकू."

असंच बरंच परत आलं. गाद्या नाहीत, बंद पडलेला मिक्सर नाही, मुलाची दहावीची पुस्तकंही नाहीत. दहावीचा अभ्यासक्रम २०१८ लाच बदलला, आता ती रद्दीतच. थोडक्यात, माळा साफ करून मिळेल अशा आशेने बोलावणार असाल तर बोलावू नका. निवडायचं काम आपलंच. बोहारीण निदान पातेलं तरी देते, इथे बदल्यात काही नाही, पण घासाघीसही नाही.

प्लास्टिकच्या तीन पिंपांवर त्यांचा डोळा होता. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पिंप कोण देतं? मी तसं म्हटलं तर ताई हसल्या. "लोक सगळ्यात आधी तेच मागतात." एक दिलं. दोन माझी मीच ठेवली.

तक्रार आणखी एक. सासूबाईंचा ज्वारीच्या पिठाचा मोठा स्टीलचा डबा गेला, आणि त्याचं झाकण तुळशीच्या कुंडीखाली राहिलं. चूक माझीच, पण दोनदा फोन केला. "पुढच्या फेरीला नेतो," म्हणतात. महिना झाला, ती फेरी काही आली नाही. चार स्टार देणार होते, साडेतीन देते.

झाकण घासून दारामागे ठेवलंय. तोवर कुणीतरी पीठ ताटाने झाकत असेल.