सेंटर कोर्टाचं तिकीट आणि आपल्यातलाच एक

विम्बल्डनचं तिकीट कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर विकत असेल तर घेऊ नका. एवढं सांगून थांबता आलं असतं; पण ते सगळेच सांगतात आणि तरीही लोक फसतात. मला लिहायचंय ते तिकिटाच्या आडून चालणाऱ्या दुसऱ्या धंद्याबद्दल. आपण गे आहोत आणि ते घरीदारी सगळ्यांना माहीत नाही, यावर तो धंदा चालतो. टेनिस हे फक्त गळाला लावलेलं गांडूळ.

मी पुण्याचा. वेड १९९३ पासूनचं. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात याना नोवोत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ नं पुढे होती, तिथून हरली आणि बक्षीस घेताना राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. टीव्हीसमोर मी तिच्याहून जास्त रडलो. आई म्हणाली, "अरे, तुझी कोण लागते ती?" १९९८ मध्ये ती जिंकली तेव्हा मी पेढे वाटले होते, कशाचे ते न सांगता. मग फ्रान्सची अमेली मोरेस्मो आली. १९९९ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, तिनं मेलबर्नला आपल्या मैत्रिणीबद्दल उघड सांगितलं आणि २००६ मध्ये विम्बल्डन जिंकून दाखवलं. माझ्या ओळखीच्या बहुतेक गे मंडळींचा जीव महिला टेनिसमध्ये अडकलेला असतो, त्याला अशी कारणं आहेत. पुरुषांकडे बघावं तर बिल टिल्डन, गॉटफ्रीड फॉन क्राम ही जुनी नावं, आणि अलीकडे निवृत्त झाल्यावर बोललेला ब्रायन वाहाली. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या जोआव लुकास रेस दा सिल्वानं जोडीदाराबरोबरचा फोटो टाकला, तेव्हा कुठे खेळत असतानाच उघडपणे गे असलेला एक व्यावसायिक पुरुष खेळाडू आम्हाला मिळाला. आम्हा टेनिसवेड्या मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक छोटा ग्रुप आहे. त्या रात्री तिथे कोणी झोपलं नाही. त्याच धामधुमीत कोणीतरी एका नव्या माणसाला ग्रुपात घेतलं. कोणी घेतलं, हे आजही कोणी कबूल करत नाही.

हा नवा माणूस मूळचा ठाण्याचा, आता लंडनमध्ये बँकेत नोकरीला, असं त्याचं म्हणणं. मराठी अस्खलित. पहिले काही महिने त्यानं तिकिटाचा 'ति'सुद्धा काढला नाही. बोलायचा तो टेनिसबद्दल, आणि रात्री उशिरा, एकेकट्याशी. फॉन क्रामची गोष्ट त्यानंच मला पुन्हा रंगवून सांगितली: १९३५, ३६, ३७ अशी लागोपाठ तीन वर्षं विम्बल्डनची अंतिम फेरी हरलेला देखणा जर्मन सरदारपुत्र, १९३८ मध्ये एका तरुण ज्यू नटाशी संबंध ठेवल्याबद्दल नाझींनी त्याला तुरुंगात टाकलं. "मित्रा, त्याच्या जागी आपण असतो तर?" असा मेसेज रात्री एक वाजता आला की माणूस विरघळतो. विरघळल्यावर बोलतो. ऑफिसात कोणाला माहीत नाही, सोसायटीत कोणाला माहीत नाही, घरात फक्त ताईला माहीत आहे, कंपनी कोणती, साहेब कसा आहे, हे सगळं त्याला माझ्याकडून कळलं. तेव्हा त्या गप्पा होत्या. नंतर कळलं की ती त्याची तयारी होती.

आता थोडं तिकिटांबद्दल, कारण फसवणारा नेमका याच गोंधळात शिरतो. विम्बल्डनची बरीच तिकिटं सोडतीनं मिळतात. आदल्या वर्षी स्पर्धा भरवणाऱ्या क्लबकडे अर्ज करायचा, नशीब असेल तर तिकीट लागतं, आणि लागलं तरी दिवस आणि कोर्ट तुमच्या मर्जीचं नसतं. सोडतीत लागलेलं तिकीट दुसऱ्याला विकता येत नाही. विकलेलं सापडलं तर क्लब ते रद्द करतो. उघडपणे विकता येतं ते फक्त डिबेंचरचं. डिबेंचर म्हणजे पाच वर्षं रोज एक खुर्ची देणारा रोखा. २०२१ ते २०२५ या काळासाठी सेंटर कोर्टाचा, म्हणजे तिथल्या मुख्य कोर्टाचा, एक रोखा ८० हजार पौंडांना होता, पुढच्या पाच वर्षांसाठी तो १ लाख १६ हजारांवर गेला. ज्यानं एवढे पैसे ओतलेत, तो शुक्रवारची सेमीफायनल पुण्यातल्या अनोळखी माणसाला स्वस्तात का देईल?

त्याचं उत्तर तयार होतं. माझी सोडत फुकट गेली हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक होतं. एप्रिलमध्ये तो म्हणाला की त्याच्या बॉसकडे डिबेंचर आहे, बॉसचा नवरा आजारी आहे, दुसऱ्या शुक्रवारची खुर्ची रिकामी जाणार. बॉसही 'आपल्यातलाच', त्यामुळे त्याला ते तिकीट दलालाला न देता आपल्यातल्या खऱ्या चाहत्याला द्यायचंय. भाव ९०० पौंड. बाजारात हेच तिकीट कित्येक पटींनी महाग असतं, हे त्यानं स्वतःच सांगितलं. घाई केली नाही. उलट म्हणाला, "दोन दिवस विचार कर, नको असेल तर नागपूरच्या मित्राला विचारतो."

पैसे पौंडांत नकोत, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तो म्हणाला, परदेशी पैसे पाठवायचे तर बँकेचे फॉर्म, कर, कटकट. त्यापेक्षा पुण्यातूनच माझ्या मावसभावाच्या खात्यावर यूपीआयनं टाक, मी इकडे बॉसला देतो. १ लाख ४ हजार रुपये, एका दिवसाच्या मर्यादेत बसत नव्हते म्हणून दोन दिवसांत. इंग्लंडात रेडिंगला राहणारा माझा मित्र यावर जे बोलला ते लिहितो. ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये, देशांतर्गत खात्यावर फसवून पैसे वळवून घेतले गेले तर बँकांना ते ८५ हजार पौंडांपर्यंत परत द्यावे लागतात. मग ब्रिटिश खातं कशाला वापरील चोर? त्याला रुपयेच बरे. समोरचा लंडनमध्ये आहे म्हणतो आणि पैसे भारतातल्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर मागतो, इथे व्यवहार थांबवायचा. पुढचं काहीही ऐकायची गरज नाही.

पैसे पोचल्यावर तिकिटाचा फोटो आला. खुर्चीचा नंबर, रांग, जांभळा-हिरवा रंग, सगळं झकास. आता विम्बल्डनचं तिकीट क्लबच्या अ‍ॅपमध्ये, तुमच्या स्वतःच्या खात्यावर येतं. फोटो म्हणजे तिकीट नव्हे. तिकीट माझ्या खात्यावर टाक म्हटल्यावर 'नाव बदलण्याचं शुल्क' म्हणून आणखी १८ हजार निघाले. मी नाही म्हणालो. मग भाषा बदलली.

त्या मेसेजचा मजकूर सांगत नाही. अर्थ असा की १८ नव्हे, आता ५० हजार, आणि रविवारपर्यंत आले नाहीत तर आपल्या सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट तुझ्या साहेबाला, सोसायटीच्या ग्रुपवर आणि तुझ्या आईच्या फोनवर जातील. सोबत माझ्या कंपनीतल्या चार जणांची नावं, हुद्द्यांसकट. शेवटी एक वाक्य: पोलिसांत गेलास तर तुलाच आत टाकतील.

अमेरिकेची टेनिसपटू बिली जीन किंग हिचं आठवलं. १९८१ मध्ये जुन्या मैत्रिणीनं कोर्टात दावा लावला, ती गोष्ट तिच्या मर्जीविरुद्ध जगजाहीर झाली आणि जाहिरातींचे करार भराभर गेले. पण ते १९८१ होतं. इथे सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. १ जुलै २०२४ ला आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं ते जुनं ३७७ कलमच नाही. म्हणजे 'तुलाच आत टाकतील' ही निव्वळ थाप. उलट धमकी देऊन पैसे मागणं हा त्याच संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा आहे आणि तिकिटाची थाप कलम ३१८ खाली फसवणुकीचा. हे मला त्या रात्री माहीत नव्हतं. ताईला फोन केला. ती वकील नाही, बालवाडीत शिकवते. म्हणाली, "आईला मी सांगते. तू पैसे दिलेस तर तो पुढच्या महिन्यात परत येईल." आईला तिनं काय नि कसं सांगितलं हा आमच्या घरचा मामला, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात धमकी देण्यासारखं निम्मंच उरलं होतं.

सकाळी १९३० वर फोन लावला. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर. पैसे गेल्याबरोबर, तासाभरात फोन केला तर ते पुढच्या खात्यांत अडवता येण्याची शक्यता बरीच असते; माझे जाऊन बरेच दिवस झाले होते. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार आणि ती घेऊन सायबर पोलीस ठाणं. तिथे काय विचारतील या भीतीनं मी जिन्यात बराच वेळ उभा होतो. समोर बसलेल्या मॅडमनी चॅट वाचलं, मान वर केली आणि विचारलं, "यूपीआयचा व्यवहार क्रमांक आहे का दोन्ही वेळचा?" बस. दुसरं काही विचारलं नाही. सगळीकडे असंच होतं असा माझा दावा नाही. पण लाजेपायी जे जिन्यातूनच परत फिरतात, त्यांच्यावर या लोकांचं पोट चालतं हे मात्र मॅडमनी स्वतःहून सांगितलं.

'मावसभावा'चं खातं दुसऱ्या राज्यातल्या एका तरुणाचं निघालं. त्यानं ते महिन्याच्या भाड्यानं दिलं होतं. त्यात ११ हजार रुपये सापडले, ते गोठवलेत. न्यायालयाच्या आदेशानं मिळतील तेव्हा मिळतील. बाकीचे पुढे कुठे कुठे फिरले त्याचा माग चालू आहे. ब्लॉक करण्याआधी मी चॅट तारखांसकट निर्यात करून ठेवलं होतं, नंबर आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉटही. ते फार उपयोगी पडलं. घाबरून सगळं डिलीट करणारे दोन जण मला नंतर भेटले, त्यांची तक्रार लिहून घेतानाच अडचण आली. ऑफिसात त्यानं एका सहकाऱ्याला खरंच मेसेज पाठवला. तो सहकारी माझ्याकडे आला, म्हणाला, "हे काय पाठवतंय कोणीतरी?" मी म्हटलं, तक्रार केली आहे. त्यानं चहा मागवला आणि विषय संपला. सगळ्यांच्या नशिबी असा सहकारी नसतो, हे मला कळतं.

विमानाचं तिकीट आणि व्हिसा आधीच होता, म्हणून २०२५ च्या जूनच्या शेवटी लंडनला गेलो. तिथे गेल्यावर त्याच्या दोन जुन्या थापा उघड्या पडल्या. तो सांगायचा की २०२४ ची सेमीफायनल त्यानं रांगेत उभं राहून सेंटर कोर्टावर पाहिली. विम्बल्डन पार्कातल्या त्या प्रसिद्ध रांगेत सेंटर कोर्टाची सुमारे पाचशे तिकिटं रोज मिळतात खरी, पण शेवटचे चार दिवस सोडून! आणि रांगेसाठी विम्बल्डन स्टेशनला उतरायचं, असंही सांगायचा. रांगेसाठी जवळचं स्टेशन साउथफील्ड्स. टेनिसचा इतिहास कोणालाही एका रात्रीत पाठ करता येतो. तिकीट विकणाऱ्याला असली रस्त्यावरची माहिती विचारा.

ती रांग सरळ आहे. गवतावर तंबू ठोकायचा, क्रमांकाचं कार्ड घ्यायचं, पहाटे स्वयंसेवक उठवतात, एका माणसाला एक तिकीट, पैसे कार्डानं. पहिल्या आठवड्यात नुसत्या मैदानाचा पास ३० पौंडांना होता. दुपारनंतर जे लोक बाहेर पडतात त्यांची मोठ्या कोर्टांची तिकिटं आतच १०-१५ पौंडांत पुन्हा विकली जातात, ते पैसे समाजकार्याला जातात, आणि तो नंबर अ‍ॅपवरच लावायचा असतो. मला रांगेतल्या तिकिटावर पेट्रा क्विटोव्हाचा शेवटचा विम्बल्डन सामना मिळाला. एमा नवारोनं तिला सरळ हरवलं, पण त्या डावखुऱ्या फोरहँडसाठी मी पुन्हा तंबूत झोपेन. माझ्या पुढच्या तंबूत ब्रायटनचं एक म्हातारं जोडपं होतं, दोघे पुरुष. त्यांच्याकडे थर्मास होता, माझ्याकडे चिवडा. सिनरनं जोकोविचला सरळ सेटमध्ये काढलं ती सेमीफायनल मी मैदानातल्या टेकडीवरून मोठ्या पडद्यावर पाहिली.

परवा ग्रुपातल्या नागपूरच्या मित्राचा फोन आला. त्याला असाच एक जण भेटलाय. नंबर नवा, नाव नवं, ठाण्याऐवजी आता डोंबिवली, आणि नोकरी मेलबर्नमध्ये. ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य कोर्टाचं, रॉड लेव्हर अरीनाचं, तिकीट देतोय, पैसे भावाच्या खात्यावर, रुपयांत. त्या स्पर्धेची तिकिटं तिकीटमास्टरवर उघड विकली जातात आणि परत आलेलीही अधिकृतपणे तिथेच मिळतात, कोणाच्या भावाची गरज नाही. मित्रानं गप्पा चालू ठेवल्यात, सायबर ठाण्यातल्या मॅडमच्या सांगण्यावरून. तुमच्या ग्रुपातही गेल्या काही महिन्यांत असा कोणी आला असेल, तर काढून टाकण्याआधी त्याचा नंबर आणि खातं १९३० वर कळवा.